साक्षीत नसलेला डबा

३ जून
कोर्टात पुन्हा रुजू झाले. दुभाष्याचा नियम एकच — साक्षीदार ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. दुपारपर्यंत मी दोन सायकली चोरल्या आणि एकाचं डोकं फोडलं! कारकून म्हणाले, ‘बाई, तुम्हाला आता जामीन मिळणं कठीण.’ खूप दिवसांनी हसले. घरी आल्यावर त्याचंच वाईट वाटलं.

५ जून
दुकानात जीभ घसरली. सवयीने लेकीच्या वाटचंही दूध मागितलं. दुकानदाराने बिचाऱ्याने तेवढं दिलं. जास्तीची पिशवी ह्यांनी पाहिली, फ्रिजमध्ये ठेवली.

११ जून
व्हायला नको तेच झालं. साक्षीला एक आई होती, परमुलखातली. तिचा मुलगा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. ती ‘माझा मुलगा’ म्हणाली, मी ‘माझी मुलगी’. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘मुलगा ना?’ सुधारलं. पुढच्याच वाक्याला पुन्हा — ‘माझी मुलगी डबा न घेताच गेली.’
डब्याचं तर ती बाई बोललीच नव्हती! वकील ताडकन उठले. ‘साक्ष नक्की कुणाची चाललीय?’
आजची साक्ष रद्द. आता त्या बाईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार, नव्या दुभाष्याला. मुलाला पुन्हा वरून पडताना बघावं लागणार. माझ्यामुळे. ती माझ्याकडे बघत होती, मला मान वर करता आली नाही.
डबा रोज मी लेकीच्या हातात द्यायचे. त्या दिवशी अंघोळीला गेले आणि तो ओट्यावरच राहिला. उपाशीपोटी चक्कर आली असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कॉलेजचा जिना, वरच्या पायरीवरून पडली ती गेलीच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. कळून तरी काय करायचं?

१२ जून
सक्तीची रजा. ह्यांना सगळं सांगितलं, साक्षीत डबा तोंडून गेला तेही. जेवता जेवता हे उठले, हात धुतले, गॅलरीत जाऊन उभे राहिले. ताट तसंच.

१३ जून
दिवसभर पडून.

१४ जून
सकाळी चहाचा कप हातात देताना हे म्हणाले, ‘डबा ती विसरली नव्हती. मी तिला मार्कांवरून नको ते बोललो. रागाने ठेवून गेली.’
वर्षभर मी ‘माझंच चुकलं’ म्हणून रडत होते, आणि हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.