व्याह्यांची एका बोटाची बासरी

सिडको, नाशिक
सोमवार, ४ डिसेंबर २००६

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, झुंबरचा, वाकून नमस्कार. उजव्या डोळ्याची पट्टी सुटल्याचं संध्याच्या चिठ्ठीतून कळलं, बरं वाटलं. थेंब घालताना वर आढ्याकडे बघत जा, संध्याच्या तोंडाकडे नको. मोतीबिंदू निघाल्यावर सगळ्यांना आपली सून अचानक म्हातारी दिसायला लागते, तू तसं तिला बोलून दाखवू नकोस. पत्र तीच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. (संध्या, कंसात लिहिलेलं फक्त अक्कासाठी आहे. वाचून दाखव, पण तू ऐकू नकोस.)

इथे सगळं ठीक. निकिता हिंडती-फिरती झाली. बाळ छान आहे, रंग तुझा, आवाज आपल्या आईचा. बर्फी मिळाली असेल. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये सध्या सिंधू, निकिता, बाळ आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या अंबूबाई असतात. शिवाय फोनवर तुझ्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

विषय आमच्या व्याह्यांचा आहे. निकिताच्या लग्नात तू त्यांना पाहिलंस, विंचूरचे पुंजाजी, कांद्याचे व्यापारी. तेव्हा तू म्हणाली होतीस की माणूस देव आहे. मीही तेच म्हणत होतो, गेल्या महिन्यापर्यंत. विहीणबाई गेल्यावर त्यांनी व्यापार मुलाच्या, म्हणजे आपल्या जावईबापूंच्या, शेखररावांच्या हाती दिला आणि घरात कॉम्प्युटर घेतला. म्हटलं घेऊ दे बापड्याला, पत्ते खेळेल. तर बाळाच्या पाचवीला हे गृहस्थ एक सीडी घेऊन आले. सीडीवर स्केचपेननं लिहिलेलं, ‘आमची परी’. (आमची म्हणजे कोणाची? बाळंतपण कोणाच्या घरात झालं?)

सीडीत पाळणा होता. गायलेले स्वतः व्याही. आवाज ठीकठाक, लिलावातला. पण मागे काय वाजत होतं म्हणून सांगू! सतार, सारंगी, चाळीसेक व्हायोलिन आणि अक्का, बासरी. तीसुद्धा अशी, की अंबूबाई तेलाचा हात तसाच हवेत धरून बसल्या. निकिता रडली. सिंधूनं पदर डोळ्याला लावला. एकतीस वर्षं मी तिच्यासमोर बासरी वाजवतोय. इतक्या वर्षांत तिनं फक्त स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

मी सहज विचारलं, बासरी कोणाची? नाशिकमधले वाजवणारे मला माहीत आहेत. व्याही हसले आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. “ह्याची,” म्हणाले. कॉम्प्युटरला पेटीसारखी एक पट्ट्यांची फळी जोडायची आणि बोटानं पट्टी दाबायची, की आतून बासरी वाजते. याला म्हणे व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट म्हणतात, म्हणजे जे वाद्य मुळात नाहीच ते. फुंकायचं नाही, ओठ फुटायचे नाहीत, हिवाळ्यात बांबू तडकायचा नाही. मी दोन वर्षं नुसता सा लावत बसलो होतो, तू साक्षीला आहेस. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सिंधूला सांगितलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी ठरवून टाकलं की बारशाच्या आत आपलीही सीडी निघणार, आणि खऱ्या बासरीची. निकिताच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर घरात झाकून ठेवलेला होताच. अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी बंद पडलेल्या मशिनी चालू केल्या, सहा-सहा टनांच्या प्रेस माझ्या आवाजाला घाबरायच्या. हे तर टेबलावरचं डबडं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणलं, इंटरनेट कॅफेवाल्याकडून बोलायचा माईक आणला, बासरी पुसली आणि वाजवली. वीस मिनिटं जीव ओतून. ऐकायला गेलो तर काहीच नाही. निर्वात शांतता. पडद्यावर एक सरळ रेघ, दवाखान्यात माणूस गेल्यावर दाखवतात तशी. मी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. दोनदा. तिसऱ्या दिवशी कळलं की माईक मी हिरव्या भोकात खुपसला होता, तो गुलाबीत खुपसायचा असतो. (हे व्याह्यांना माहीत नाही. कळता कामा नये.)

गुलाबी भोकातून आवाज आला, पण बासरीच्या आधी आला तो गुणगुणाट. घूंऽऽ, अखंड, मधमाश्यांचं पोळं माईकमध्ये बसवल्यासारखा. मी ओळखलं, अर्थिंग नाही. मग काय, हा तर आपला प्रांत. मागच्या अंगणात पाच फूट खड्डा खणला, मीठ आणि कोळशाचे थर दिले, तांब्याची पट्टी पुरली. असं अर्थिंग आमच्या कॉलनीत कोणाकडे नाही. सिंधूची कढीपत्त्याची जागा त्यात गेली, त्यावर ती जे बोलली ते कंसातसुद्धा लिहिण्यासारखं नाही. गुणगुणाट निम्मा झाला. उरलेला निम्मा टेबलाशेजारच्या फ्रिजचा निघाला. फ्रिज बंद केला तर दूध नासलं.

पुढचं ऐक. स्पीकर चालू ठेवून माईकसमोर वाजवायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बासरीचा आवाज स्पीकरमधून माईकमध्ये, माईकमधून परत स्पीकरमध्ये, असा फिरत-फिरत त्याची अशी किंकाळी झाली की बाळ दचकून उठलं आणि दीड तास थांबलं नाही. निकितानं खोलीत येऊन स्पीकरचं बटण बंद केलं.

तरी मी हटलो नाही. हेडफोन लावला. आता नवीनच तऱ्हा. मी वाजवतोय प, आणि कानात येतोय मघाचा ग. माझीच बासरी माझ्या मागून लंगडत यायची, मी तिच्यासाठी थांबलो की तीही थांबायची. असा तीन दिवस स्वतःचा पाठलाग केल्यावर एकदा, सकाळी साडेदहाला, संपूर्ण पाळणा एका दमात निर्दोष वाजला. भाजीवाला आला नाही, कुकरची शिट्टी झाली नाही, अंबूबाई खोकल्या नाहीत. शेवटचा सूर धरला होता, आणि लाईट गेली. लोडशेडिंग. सेव्ह केलेलं नव्हतं. अक्का, वडील गेले तेव्हासुद्धा मी असा भिंतीला टेकून बसलो नव्हतो.

निकिता आली, शेजारी बसली. म्हणाली, “बाबा, मामंजींना बोलवू या का? त्यांना सगळं नीट येतं.”

“त्यांना कोणी शिकवलं एवढं?” मी विचारलं.

“मी.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरं निघालं. लग्न होऊन विंचूरला गेली तेव्हा घर सुनंसुनं होतं, विहीणबाई जाऊन चार महिने झाले होते, व्याही ओसरीवर नुसते बसून असायचे. हिनंच त्यांना कॉम्प्युटर घ्यायला लावला, रोज दुपारी तासभर शिकवलं. गाणी कॉम्प्युटरवर करायची हेही तिचंच डोकं. आपलीच पोरगी, अक्का! आणि कॉम्प्युटर तर माझ्याही घरात तीन वर्षं होता. मी म्हटलं, “मला नाही कधी शिकवलंस.” तर म्हणाली, “तुम्ही कधी विचारलंत? मी माऊसला हात लावायला सांगितलं की तुम्ही म्हणायचात, मला मशिनींचं शिकवू नकोस.” असं मी म्हणायचो खरा. पण पोरीनं एवढं मनावर घ्यायचं?

व्याही दुसऱ्याच दिवशी आले. द्राक्षं, ती पट्ट्यांची फळी आणि वाद्यांची सीडी घेऊन. मी तयारीत होतो, की आता हा माणूस माझ्या नाकावर टिच्चून दुरुस्ती करणार. त्यांनी आधी बाळाला घेतलं, मग खुर्चीवर बसून चष्मा लावला आणि म्हणाले, “व्याही, आवाज मागून येतोय ना? माझं बी तसंच व्हायचं. लय डोकं खाल्लं त्यानं.” कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी आत जाऊन त्यांनी एक आकडा दाखवला, चार हजार काहीतरी. “हा आकडा जितका मोठा, तितका आवाज आत साठून ऱ्हातो आन् मग बाहेर पडतो. कमी करायचा. पण लय कमी केला तर कडकड वाजतं.” दोनशे छप्पन्नवर आणला आणि माझी बासरी माझ्या कानात माझ्याबरोबर वाजली. दोन मिनिटं लागली. माझे तीन दिवस गेले होते.

मग त्यांनी मला वाजवायला सांगितलं. मी वाजवलं, आणि आता खोटं कशाला बोलू, मुद्दाम जरा जास्तच तयारीचं वाजवलं. ऐकून म्हणाले, “गोड हाय. पण पट्टीत जरा उतरतंय.” माझ्या बासरीला उतरतंय! मी काही बोलणार तोच त्यांनी फळीवरची एक पट्टी दाबली आणि तोच सूर लावला. सिंधू दारात होती, तिलाही कळलं. माझी बासरी खाली होती. एकाहत्तर साली त्र्यंबकच्या जत्रेत घेतलेली, तेव्हापासून खालीच असणार. एकटा वाजवणाऱ्याला कसं कळणार?

मी बासरी खाली ठेवली. म्हटलं, राहू द्या, तुमचीच सीडी लावू बारशाला.

व्याही म्हणाले, “आसं कसं? मशीन खाली आणता येतं की. बांबू कसा वर येनार?” आणि खरंच त्यांनी सतार, सारंगी आणि चाळीस व्हायोलिनं, सगळी फौज कुठल्याशा एका खुंटीनं खाली ओढली, माझ्या बासरीपाशी आणून उभी केली. (यातही मला राग आला. माणसानं इतकं चांगलं वागू नये. समोरच्याला जागाच राहत नाही.)

चहा घेताना मी विचारलं, तुम्हाला तो पाळणा करायला किती दिवस लागले. वाटलं होतं दोन-चार सांगतील. तर त्यांना म्हणे दोन्ही हातांनी वाजवताच येत नाही. एका बोटानं एकेक सूर वाजवायचा, चुकला तर पुसायचा, मग पुढचा. निकिताचं सातव्या महिन्याचं ओटीभरण झालं त्या दिवसापासून बसले होते, ते थेट बाळ जन्मलं त्या दुपारी शेवटचा सूर लागला. ओटीभरणाच्या दिवशी मी काय करत होतो ते मी आठवून पाहिलं. आचाऱ्याशी जिलबीवरून भांडत होतो.

असो. परवा आणि काल बसून आम्ही दोघांनी पाळण्याची पहिली दोन कडवी रेकॉर्ड केली. चाल आईची, बासरी माझी, मागे व्याह्यांची व्हायोलिनं. चाळीसपैकी मी फक्त चार वाजू दिली. गाणार कोण, यावर अजून बोलणं चालू आहे. बारसं येत्या सतरा तारखेला, रविवारी, घरीच आहे. भाऊजींना माझा नमस्कार सांग. संध्याला आणि पोरांना आशीर्वाद. डोळ्याला धूर लागू देऊ नकोस.

तुझा भाऊ
झुंबर

ता. क. महत्त्वाचं लिहायचं राहिलं. आईच्या पाळण्याची मला दोनच कडवी येतात, चिमणीचं आणि गोदेच्या पाण्याचं. पुढे मामाचं एक होतं, आणि एक होतं ज्यात आई तुझं नाव घालायची आणि मी रुसायचो. ते आता तुझ्याशिवाय कोणालाच येत नसणार. तेव्हा तू बारशाच्या तीन दिवस आधीच ये आणि माईकसमोर बसून म्हण. माईक गुलाबी भोकात आहे, काळजी करू नकोस. तुला बोलवायची कल्पना माझीच आहे.

आणखी ता. क. कल्पना व्याह्यांची आहे. निकिता पाठीमागून वाचत होती, तिनं वरचं वाक्य खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही, हे नवीन लिहिलं. ते स्वतः गुरुवारी, चौदा तारखेला, जीप घेऊन सटाण्याला तुला न्यायला येतील.

शेवटचं, निकिता आत गेल्यावर लिहितोय. बारसं झालं की सोमवारीच सुनेला आणि नातीला घेऊन जायचं, असं व्याह्यांनी काल सिंधूजवळ सहज काढलं. रीतीला धरून आहे, मला नाही म्हणता येत नाही, आणि त्यांनी माझ्यासाठी आख्खी सतार खाली ओढल्यावर तर मुळीच नाही. पण जीपमध्ये तुला त्यांच्याबरोबर दोन-अडीच तास मिळतील. तू थोरली आहेस, तुझं ते ऐकतील. विंचूरला वारा फार लागतो म्हणून सांग, पोर अशक्त आहे म्हणून सांग (नाही, चांगली साडेतीन किलोची आहे), संक्रांतीचं बोरन्हाण पहिल्या वर्षी आजोळीच करतात म्हणून सांग, वाट्टेल ते सांग, पण संक्रांतीपर्यंत तिला इथे ठेव. कडवी नाही आठवली तरी चालेल.