यशोदाबाईंच्या तसबिरीखालची ओळ

एरंडोल, ता. ९ फेब्रुवारी १९५८

ती. सुनंदाअक्का यांस,
बन्सीलालचा शि. सा. नमस्कार. धुळ्याच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त झोप उडाली आहे, आणि ती यशोदाबाईंमुळे.

बाई जाऊन वर्ष झालं म्हणून वाचनालयात त्यांची तसबीर लावायची ठरली. खालच्या फळीवर एक ओळ लिहायचं काम चिटणीस म्हणून माझ्या गळ्यात पडलं. एकच ओळ! पण त्यांचे यजमान अभिमनआबा पडले पुढारी. आबांची माणसं म्हणाली, 'आबांच्या सहधर्मचारिणी' एवढंच लिहा. या बाईनं आबांच्याच प्रचारकाची दारूची भट्टी बायका नेऊन फोडली, बोर्डाच्या निवडणुकीत आबांना पाडलं, तरी तसबीर लावू देतोय हेच पुष्कळ, असं त्यांचं म्हणणं. इकडे भट्टी फोडताना बाईंच्या सोबत असलेल्या झुंबरबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "बाईनं नाव लिखा. आबानं कशाले? भट्टी फोडाले आबा उना व्हता का?" म्हणजे नाव बाईंचंच हवं, भट्टी फोडायला आबा थोडेच आले होते! मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. (झुंबरबाई पाणी नाकारतात तेव्हा पुढे काय होतं, ते त्या भट्टीवाल्याला विचार.)

शेवटी मी फळी कोरीच ठेवली आणि ती झाकेल एवढा जाड हार घातला. ऐन समारंभात आबांचा उजवा हात, तो हिलाल, हार उचलून ओरडला, "चिटणीस, इथं तर काहीच नाही!" एकच गलका झाला. तेवढ्यात आबा उठले. म्हातारपणानं त्यांचा आवाज बसलाय, त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावंच लागलं.

"तिनं मला पाडलं हे खरं," आबा म्हणाले. "स्वतःचं मतसुद्धा दिलं नाही. मतदानाच्या सकाळी भाकर वाढताना तोंडावर सांगितलं. मी कितीतरी दिवस बोललो नाही तिच्याशी. मग एकदा दिवेलागणीला त्या भट्टीच्या गल्लीतून गेलो. एकाही घरातून बाईचं रडणं ऐकू आलं नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, यशोदाबाई, भट्टी फोडणाऱ्या. माझं नाव नको."

हिलाल तरातरा निघून गेला. झुंबरबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच मला दटावलं, "लिख ना भाऊ!" मी तिथेच खडूनं लिहिलं. अक्षर फार वेडंवाकडं आलंय.

तुझा,
बन्सी

ता. क. आबांना आता बाईंचं चरित्र हवंय, खरंखुरं, आणि लिहायचं मी. झुंबरबाई सांगतात की भट्टीवर पहिला धोंडा तू मारलास, माहेरपणाला आली होतीस तेव्हा. भट्टी तुझ्या मामेसासऱ्यांची, म्हणून विचारतो, तुझं नाव घालू का? दाजींना ठाऊक आहे का?

आणखी ता. क. हे पाकीट दाजींनीच फोडलं असेल तर, दाजी, साष्टांग नमस्कार. धोंड्याबद्दल मी काहीही ऐकलेलं नाही.