शंभर पाण्याचं तूप

प्रिय वयनी,

रविवारी केतकीचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. नाहीतर मी कुठली पत्र लिहिणारी? चौथीत शाळा सुटली माझी. त्यानंतर सही आणि वाण्याची यादी सोडली तर पेन हातात धरल्याचं आठवत नाही. ओळी वर चढतायत, चालवून घे.

आधी आनंदाचं सांगते. माझी नात पक्की नर्स झाली. डेहराडूनला इस्पितळात तिला कायम केलं. फोनवर तोंड दाखवलं तिनं. निळा ड्रेस, केस वर बांधलेले, मागे खिडकीत डोंगर. मी तीन शेजारणींना बोलावून दाखवलं. चौथी भाजीला गेली होती, तिला संध्याकाळी जिन्यात पकडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जरा दम घे गो शालन, चेडू नर्स झाला, कलेक्टर नाय." आणि मग माझ्या आधी तूच सगळ्या चाळीला सांगून आली असतीस.

मग तिनं हात दाखवले. बोटांच्या पेरांवर भेगा, एका भेगेत रक्त वाळलेलं, मनगटापर्यंत कातडी पिठात बुडवल्यासारखी पांढरी. तिथली थंडी आपल्यासारखी नाही गं. आपल्याला भांडुपच्या डोंगरावरून पहाटे गार वारा येतो आणि दहा वाजता पंखा लावावा लागतो. तिकडे दिवसभर गारठा, आणि नर्सचं काम म्हणजे एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जायचं तर मध्ये हात धुवायचे. दिवसातून किती वेळा, तिलाही ठाऊक नाही.

म्हणाली, "आजी, ट्यूबा लावून थकले मी. मोठ्या आजीचं ते धुतलेलं तूप पाठव ना मला. तुला येतं ना? शेवटी तूच तर करून दिलं होतंस तिला."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. गॅसवर डाळ होती, ती लागली.

वयनी, तुझे हात विसरेन का मी? बावीस वर्षं दोघींनी मिळून डबे केले. चुलीपाशी मी, मोरीत तू. मार्गशीर्ष लागला की तुझे हात फुटायला लागायचे. सोडा, राख, गार पाणी, आणि वर तुझा तो स्वभाव, टोपाचं बूड आरशासारखं दिसलं पाहिजे. कोण बघणार होतं गं बूड?

काय काय केलं आपण त्या हातांना. रात्रीचं खोबरेल तर असायचंच. दुधाची साय लावलीस, तर मांजर हात चाटायला आलं. कुणीतरी लिंबू आणि ग्लिसरीन सांगितलं, त्यातलं लिंबू भेगेत गेलं तेव्हा तू जो पाय आपटलास, खालच्या खोलीतले वर बघायला आले. गावाहून कोकमाच्या तेलाचा गोळा यायचा, तो मी पळीत वितळवून थेंब थेंब तुझ्या भेगांत सोडायचे. गरम थेंब पडला की तू डोळे मिटायचीस, पण हात कधी मागे घेतला नाहीस. तेलानं टाचा भरून यायच्या. हात काही भरायचे नाहीत, कारण सकाळी पुन्हा मोरी.

मग तू तुपाचं काढलंस. तुझी आई गावच्या वैद्यांकडे पाणी भरायची, तिथून ते तुझ्याकडे आलेलं. वाटीभर साजूक तूप, तांब्याची परात, माठातलं गार पाणी. तळहातानं गोल गोल घोळायचं, पाणी गढूळलं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. आधी तूप हाताखालून पळतं, मग जरा वळणावर येतं, आणि शेवटी लोण्यासारखं पांढरं, हलकं होतं. तुपाचा वाससुद्धा राहत नाही. ते रात्री लावून वर जुने सुती मोजे चढवून तू झोपायचीस, आणि चार दिवसांत भेगा मिटायच्या.

तुला बोलताना मोजता यायचं नाही आणि मला न बोलता राहता यायचं नाही, म्हणून शंभर चिंचोक्यांचा डबा. तू पाणी ओतलंस की मी एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. मी म्हणायचे, मला घोळू दे ना एकदा. तू म्हणायचीस, "तू बस, चिंचोके टाक." का नाही दिलंस कधी? निदान हाताला सवय तरी झाली असती.

आता जे सांगायचं ते सांगते. इकडचं तिकडचं पुष्कळ झालं.

गेल्या पौषात तू अंथरुणाला खिळलीस. साखर वाढलेली, पायाला सूज, आणि हात असे फुटलेले की पांघरूण ओढताना भेगांत दोरा अडकायचा. तू मला पहिल्यांदा म्हणालीस, "शालन, माका जरा ता तूप करून दी." बावन्न वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट असेल.

आणि त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं केतकी डेहराडूनला निघणार होती, पहिल्यांदा घर सोडून. तिच्यासाठी बेसनाचे लाडू वळायचे होते, तिची बॅग भरायची होती, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेरच्या खोलीत परात घेऊन बसले. तीस-पस्तीस चिंचोके नीट टाकले. मग एका पाण्याला दोन टाकायला लागले. मग तीन. मग मूठभर उचलून त्या वाटीत ओतले.

तू आतून विचारलंस, "झाले गो शंभर?"

मी म्हटलं, "झाले."

तुझ्या हातांना मीच लावलं, मोजे चढवले. तू म्हणालीस, "बरां वाटता." मी लाडवांचा डबा घेऊन तुझ्याकडेच बसले वळायला, उरलेले पाच-सहा तिथंच फडताळात ठेवले, आणि केतकीला सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा मीनल तुझ्या खाटेपाशी उभी होती. तुझे मोजे निघालेले, आणि दोन्ही हातांवर मुंग्या. लाल, बारीक. भेगांच्या कडेनं रांगा लागलेल्या. तुपाचा वास गेलाच नव्हता गं, जाणार कसा?

मीनल एकेक मुंगी झाडत होती आणि बोलत होती. "आई, लाडू खाल्लात ना तुम्ही? खरं सांगा. फडताळात डबा आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. एवढंसं. मग म्हणालीस, "खाल्लंय एक. हात धुवचे रवले."

तिचा तोल गेला. सून वाईट नाही तुझी, हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? रोज सुई टोचायची, पथ्याचं रांधायची, नोकरी करून. ती म्हणाली, "मी इथं मरमर मरते आणि तुम्ही चोरून लाडू खाता? लहान आहात का? माझी जराही कीव येत नाही तुम्हाला?" तू भिंतीकडे तोंड केलंस. मी दारात उभी होते, हातात तुझा चहा. मी काही बोलले नाही.

वयनी, तुला कळलं होतं ना? तुला सगळं कळलं होतं. पाणी ओतल्याचा आवाज तुला आत येत होता. मला निदान एकटीला धरून एक शिवी तरी द्यायची होतीस. मीनल कामावर गेल्यावर मी तुझे हात धुतले, तेव्हा तू केतकी गाडीत नीट बसली का एवढंच विचारलंस.

चौथ्या दिवशी तुला इस्पितळात नेलं, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले किडन्या थकल्या होत्या, बऱ्याच दिवसांपासून. पण मीनलच्या डोक्यात तो लाडू बसला तो बसला. आपण शेवटी त्या बाईला खाण्यावरून बोललो, हे तिला सुटत नाही. म्हणून वर्षभर दर महिन्याला तुझ्या नावानं पान वाढलं की त्यावर ती बेसनाचा लाडू ठेवते. आलेल्या पाहुण्यांना सांगते, "आमच्या आईंना लाडू फार आवडायचे, शेवटी चोरून खाल्ला." पाहुणे डोळे पुसत हसतात. मी पत्रावळी मांडत राहते.

तुला बेसन कधी आवडलं? तुझ्या टाळूला चिकटायचं ते. दिवाळीत तू तुझा लाडू पोरांना देऊन टाकायचीस.

मंगळवारी सकाळी मी परात काढली. चिंचोक्यांचा डबा तुझ्याच फडताळात होता, मीनलकडून मागून आणला. दारं लावून बसले, फोन बंद केला. एका पाण्याला एक चिंचोका. किती वेळ लागतो गं, कंबर मोडली माझी. जिथं मी मागच्या वेळी थांबले होते तिथं आले तेव्हा नाकाशी हात धरून बघितला. घमघमाट होता तुपाचा. असं तुझ्या फुटलेल्या हातांना लावलं होतं मी. तिथं जरा रडले, आणि परत पाणी घेतलं. शंभरावं ओतलं तेव्हा परातीत पांढरा शुभ्र गोळा होता, वास काही नाही. दुपारी बाटलीत भरून केतकीला कुरियर केलं. तिला सांगितलंय, कोमट पाण्यानं हात धुवायचे, न घासता टिपायचे, रात्री हे लावून सुती मोजे घालायचे, आणि आठ-दहा दिवसांत संपवायचं. भेग लाल होऊन ठणकायला लागली तर आजीचं तूप बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवायचं. ती म्हणाली, "आजी, मी नर्स आहे." म्हटलं, "म्हणूनच सांगते."

तुझं वर्षश्राद्ध शुक्रवारी. मंगळवारी संध्याकाळी मी मीनलकडे गेले, तर ती बेसन भाजत होती. सगळं घर त्या वासानं भरलेलं. मी म्हटलं, "मीनल, गॅस बंद कर, मला बोलायचंय." म्हणाली, "काकी, हलवत राहिलं पाहिजे, बोला तुम्ही." मग मी तशीच बोलले, तिच्या पाठीशी. चिंचोके, मुंग्या, सगळं.

तिचा हात थांबला. बेसन लागल्याचा वास आला तरी तिनं हलवलं नाही.

मग विचारलं, "मी त्यांना बोलत होते तेव्हा तुम्ही दारातच होतात ना?"

"होते."

"चहा घेऊन."

"हो."

तिनं गॅस बंद केला. मला बसा म्हणाली नाही, चहा विचारला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कढईकडे बघत म्हणाली, "वर्षभर मी त्यांच्या पानावर न खाल्लेला लाडू ठेवते." मग रडली, पण मला जवळ येऊ दिलं नाही. आणि तोंड धुऊन आली ती म्हणाली, "मग त्यांना काय आवडायचं, काकी?"

वयनी, बावन्न वर्षं एका चाळीत काढली आणि मला ठाऊक नाही. तू सगळ्यांच्या मागून जेवायचीस, उरलेलं घ्यायचीस.

मीनलच म्हणाली, "दहीभात ना? मी लग्न होऊन आले तेव्हा रोज दहीभातच घ्यायच्या." मी म्हटलं, हो, दहीभात. आणि निघाले.

खालच्या जिन्याशी आले आणि पाय थांबले. मीनलचं लग्न मार्गशीर्षात झालं. तू दहीभात खायचीस थंडीत. हात फुटले की तिखटाचा रस भेगांत जायचा, म्हणून. आणि हात बरे असले की? वैशाखात तू बांगड्याचं तिखलं करायचीस, तिरफळं घालून, आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून भाकरीशी खायचीस. बोटं चाटून पुसून, मनगटापर्यंत ओघळ. मी हसायचे तर म्हणायचीस, "हसतंस काय, हात बरे आसत तवसर खावन घेतंय." ते मी ऐकत होते आणि मला वाटायचं तू गंमत करतेस.

मी पुन्हा वर चढले. गुडघे दुखतात माझे, तुला माहीत आहे. मीनलनं दार उघडलं. म्हटलं, "दहीभात नको."

शुक्रवारी श्राद्धाला मासळी चालत नाही. पण शनिवारी तिखटाचं जेवण आहे, सगळे नातेवाईक येतील. तेव्हा बांगडा मी आणीन, तिखलं मी करीन, आणि पहिलं गरम पान तुझं वाढीन. मीनल मदतीला येईल की नाही, माहीत नाही. आली तर बरं. आणि कुणीतरी विचारेलच, लाडू कुठे आहे म्हणून. तेव्हा मीनलला तोंड उघडायला लावणार नाही. सगळ्यांसमोर मीच सांगेन की वयनीनं लाडू खाल्ला नव्हता.

तुझी धाकटी जाऊ,
शालन