पाहुण्यांपुरतं इंग्रजी

प्रिय दादा,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवून उठलेला प्रत्येक जण एकच सांगत होता, मास्तरांनी बहिणीलासुद्धा इंग्रजी शिकवलं. मी ताक वाढत होते. तिथं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

काय शिकवलंस रे मला?

निजामाच्या शाळेत सगळं उर्दूतून. इंग्रजीचा मास्तर म्हणून हिंगोलीत तुझा केवढा मान! मी उखळात मिरच्या कांडायची आणि तू शेजारी बसून शब्द फोडायचास. रिस्-पॉन्-सि-बि-लि-टी. "कुसुम, सगळ्यांवर सारखा जोर नको. आपली माणसं तिथंच चुकतात. 'बि'वर मुसळ जोरात, बाकी हलकं." मी तसं कांडायची. नाकाडोळ्यांतून पाणी, तरी म्हणायची. किती आनंदात होते मी!

"म्हंजे काय, दादा?"

"तुला काय करायचं? जोर बराबर पडू दे."

मग कळमनुरीचे पाहुणे मला बघायला आले. स्वयंपाक विचारला, शिवण विचारलं. तू म्हणालास, "इंग्रजी बी येतं पोरीला." मी पाटावर बसून तू शिकवलेले तिन्ही शब्द म्हटले. सासरे खूश. "मडमच की ही!" सगळे हसले. तूही.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "पुढचे शब्द कवा?"

"काहून? जमलं की लग्न."

सासरी यांनी कौतुकानं इंग्रजी वर्तमानपत्र पुढं केलं. मला एक अक्षर ओळखता येईना. तू सगळं तोंडीच दिलं होतंस. सासूबाई म्हणाल्या, "पोपट दिला व्हय आमाला?" ते वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं. तुला कधी कळवलं नाही. कळवून तू काय केलं असतंस?

अक्षरं पुढं लेकाच्या पुस्तकातून शिकले, त्याच्या मागं बसून.

आज वहिनी शांतेला घेऊन आल्या. "उन्हाळ्यात पाहुणे येणारेत. तुमच्या दादानी तुमाला शिकवले तसे दोन-चार मोठाले शब्द हिला द्या. गुणाची हाय."

तुझी लेक बारा वर्षांची आहे, दादा. तिलाही तू अक्षर दाखवलं नाहीस.

मी म्हटलं, "शब्द देणार नाही. पोरगी द्या."

वहिनी रडल्या, मला बोलल्या, तुझ्या फोटोकडं बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "न्या."

उद्याच्या मोटारीनं शांता माझ्याबरोबर कळमनुरीला येते. तिला मी वाचायला शिकवीन. कुणी बघायला आलं तर दारातच सांगेन, पोरगी शिकते आहे, सवड नाही. तुझी शपथ घेत नाही. तिची घेते.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम