कमळाबाईंचं पातेलं

चि. भारत यास,

सातपूरहून छायाआत्याचा सप्रेम जयभीम. इकडे गुडघा सोडून सगळं बरं आहे. तुझी तब्येत पोस्टरवर पाहिली. पोट फोटोवाल्याने कमी केलेलं दिसतंय. सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. (फोनच करणार होते, पण तो तुझा मॅनेजर उचलतो आणि मला विचारतो, 'मॅडम, कुठल्या चॅनेलकडून?')

परवाचा तुझा नाशिकचा कार्यक्रम पाहिला. राग मानू नकोस, आणि मानलास तरी सांगणारच आहे. इतका फिका कार्यक्रम मी पाहिला नाही, आणि मी जन्मभर शाळेची गॅदरिंगं बसवली आहेत. विमानात खिडकीची जागा मिळत नाही, हॉटेलातल्या उशा फार मऊ असतात, विंचूरच्या वाइनचा आधी वास घ्यावा लागतो! अरे, ही काय दुःखं आहेत? कारखान्यात लेथ मशीनवर अख्खी शिफ्ट उभा राहायचास, तरी घरी येऊन त्या सुपरवायझरची अशी नक्कल करायचास की आम्हाला घास गिळवत नसे. आता एसीत तासभर उभा राहतोस आणि सारखं पाणी पितोस.

आणि हे सगळं तुला मिळालं कशामुळे? मुलाखतीत सांगतोस, कष्टामुळे. डोंबलाचे कष्ट! माझ्या पातेल्यामुळे. नामपूरला तुझ्या बहिणीच्या, रोहिणीच्या लग्नात आवाज मोठा म्हणून आहेर पुकारायला तुला माइकवर बसवलं. मी पितळी पातेलं दिलं. आमच्या गृहप्रवेशाला शेजारच्या कमळाबाईंनी मला दिलेलं, एकदाही न वापरलेलं. त्यावर नाव घातलेलं आहे हे गडबडीत लक्षात राहिलं नाही. (आलेलं भांडं पुढे सगळेच देतात, बाकीचे नाव बघून देतात, एवढंच.) 'आत्याकडून पातेलं' म्हणून तुला मोकळं होता आलं असतं. पण तू कागद फाडून भर मांडवात वाचलंस, 'छायास सप्रेम भेट, कमळाबाईंकडून!' वर म्हणालास, 'कमळाबाई, पातेलं पोचलं बरं का!' अख्खा मांडव हसून लोळला. तेव्हापासून जयंतीच्या स्टेजवर, ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे, टीव्हीवर, दुबईत, सगळीकडे तू माझी अब्रू वाजवत आलास. दुबईत तर ते पातेलं गळकंही झालं. म्हणून दादाच्या स्मृतिदिनाला मी तुला सगळ्यांसमोर बजावलं, की पुन्हा पातेल्याचं नाव काढलंस तर माझ्या मयताला येऊ नकोस.

परवा कॉलनीतल्या सगळ्या बायका घेऊन आले होते. कमळाबाईंना धरून धरून रिक्षात बसवलं. त्यांना आता दिसत नाही, ऐकू मात्र खणखणीत येतं. प्रत्येक विनोदानंतर मला कोपर मारायच्या, 'आपलं पातेलं कवा येतंय गं?' मी म्हणायचे, शेवटाला ठेवलं असेल. शेवटाला तू हात जोडलेस आणि दिवे लागले. कमळाबाई खुर्चीतून उठेनात. 'माझं नाव नाय घेतलं त्यानं,' एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं रे.

तुझी,
छायाआत्या

ता. क. पन्नाशी उलटली तरी माझा एक शब्द ऐकला नाहीस. नोकरी सोडू नको म्हटलं, सोडलीस. केस रंगवू नको म्हटलं, रंगवलेस. हाही ऐकणार नाहीस याची खात्री होती, म्हणून तर सगळ्यांना घेऊन आले. नेमका हाच ऐकायचा होता?

ता. क. २. पुढच्या महिन्यात तू पुन्हा नाशिकला आहेस असं पेपरात आलंय. कमळाबाईंना घेऊन पुढे बसेन. त्यांचं नाव मोठ्याने घे. माझंही घे. फक्त पातेलं गळकं नव्हतं, हे लोकांना स्पष्ट सांग.

ता. क. ३. स्टेजवर दाखवायला म्हणून पातेलं रोहिणीकडून मागवून घेतलं. काल पाणी भरून पाहिलं. वरचं शेवटचं वाक्य खोडलं असं समज.