ग्लँडची डोरी

मंगळ. ८ एप्रिल ८६, मुलुंड
पोहण्याच्या तलावाच्या पंपाची ग्लँडची डोरी, म्हणजे शाफ्ट पंपात शिरतो तिथली पाणी अडवणारी दोरी, बदलली. शाफ्टभोवती नव्या कड्या बसवल्या आणि नट दाबून आवळले. एक थेंब नाही! आधीच्या ऑपरेटरने पंपाखाली तुपाचा रिकामा डबा ठेवला होता, म्हणे पाणी गळतं. आळशी लेकाचा. गिरणीत साच्यावरून, म्हणजे मागावरून, तेलाचा एक थेंब कापडावर पडला की अख्खा तागा बाद, वर जॉबर आईबहीण काढायचा. वीस वर्षं गळती बंद करण्यात गेली, हात आपोआप तिकडेच जातो.
क्लबचे सेक्रेटरी शहासाहेब बघून गेले. "सावंत, फरशी एकदम सुक्की! झकास." छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

बुध. ९
दुपारी जळका वास. पंपघरात धूर. धावत जाऊन स्विच पाडला. ग्लँडला बोट लावलं तर चटका बसला. शाफ्ट हाताने हलेना.
शहासाहेब म्हणाले, "पंप बुढ्ढा झाला. तुमचा काय दोष?" संध्याकाळी कंत्राटदार हजर. नवा पंप त्याचा, देखभाल त्याची, माणूसही त्याचाच. मला म्हणे गेटवर बसवतील, नोकरी जाणार नाही. रविवारी कमिटीची मीटिंग, तिथे ठरणार. मंगळवारपासून पोरांची बॅच. पाणी फिरलं नाही तर या उन्हात शेवाळ धरणार.
म्हटलं, रविवारपर्यंत चालू करून दाखवतो. कंत्राटदार हसला. हसू दे.
गिरणी सुटल्यावर तीन वर्षं वॉचमनकी केली. लोकांना सलाम ठोकायचा आणि खुर्ची उबवायची. दोन महिन्यांपूर्वी पुन्हा हातात पाना आला. आता गेटवर बसणार नाही. नाही म्हणजे नाही.

गुरु. १०
पंप खोलला. डोरीचा कोळसा. शाफ्टवर चढवलेल्या पितळी नळीला, स्लीव्हला, खोल चरे. बाकी सगळं धडधाकट, बेअरिंगसुद्धा. मग एवढीच जागा का जळली? जेवतानाही डोक्यात तेच. सौ. म्हणाली, भात घेतलाय की नाही ते तरी बघा.

शुक्र. ११
विक्रोळीला कांबळेकडे. गिरणीतला जोडीदार, आता शेडमध्ये स्वतःची लेथ. स्लीव्ह हातात घेऊन त्याने एकच विचारलं, "थेंब पडत होता का?"
मी तोऱ्यात सांगितलं, एकही नाही.
"अरे येड्या, ग्लँड गळायलाच पाहिजे! त्या पाण्यानेच थंड राहते ती. तू काय साचा समजून आवळलीस?"
कान गरम झाले. पंप बुढ्ढा नव्हताच. मी जाळला. आणि तो डबा ठेवणाऱ्याला आळशी म्हणत होतो!
कांबळे म्हणाला, "सोमवारी जयंती, शेड बंद. आम्ही सगळे चैत्यभूमीला. उद्या सकाळी ये, करून ठेवतो."
घरी सौ.ला सगळं सांगितलं. गप्प बसलो तर चांगला पंप भंगारात, मी गेटवर, पण पगार चालू. खरं बोललो तर पंप वाचेल, मला मात्र हाकलतील. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी खरां काय ता सांगून मोकळे व्हा." तिला सोपं आहे. नाही, तिलाही सोपं नाही. घर तिलाच चालवायचंय.

शनि. १२
स्लीव्ह बसली. मोटर आणि पंप एका रेषेत येईनात, तीनदा खोलून पुन्हा बांधलं. चारला स्विच दिला. चालू! नट हातानेच बसवले. सावकाश एकेक थेंब पडतोय. पाना लावायला हात नुसता शिवशिवत होता, शेवटी खिशात घातला.
फिल्टर उलटा धुतला. पहिलं पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं.
शहासाहेब आले, खाली वाकून बघितलं. "अजून गळतंय?"
"गळायलाच पाहिजे, साहेब. पंप चांगला आहे. मी ग्लँड जास्त आवळली, म्हणून जळला."
ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे कमिटीत सांगावं लागेल, सावंत."
"सांगा. पण पंप भंगारात घालू नका."
सांगून टाकलं, बरं वाटलं.

रवि. १३
सकाळी सहापासून पंप चालू. ग्लँडला हात लावून बघतो, गार आहे. पाणी निवळलं, तळाच्या काळ्या रेघा दिसायला लागल्या.
वर मीटिंग चाललीय. कंत्राटदारही आलाय. खिडकीतून आवाज येतात, कळत काही नाही. बसवेना. रंगाचा डबा काढला आणि पंपघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "ग्लँड थोडी गळू द्या. पूर्ण आवळू नका. मी आवळली आणि पंप जळाला." माझ्यानंतर कोणीही येवो, कंत्राटदाराचा माणूस आला तरी त्याने हेच करू नये.
खाली सही केली, "सावंत, पंप ऑपरेटर". ऑपरेटर लिहिताना ब्रश थांबला. म्हटलं, लिही, अजून कोणी काढलेलं नाही.
जिन्यावर चपला वाजताहेत. शहासाहेबच असणार. वही ठेवतो.