सेकंडहँड कॅमेरा आणि लांब्याची गद्दारी

२ जून
ठरलं. कॅमेरा बदलायचा. जुना उजेडात ठीक, पण मंद प्रकाशात त्याचं काही खरं नाही. नाट्यमंडळाच्या मागच्या प्रयोगाचे फोटो पाहून दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, की यात नायिका कोणती ते बोट ठेवून दाखव. मी दाखवलं. तो पडदा निघाला. शिवाय म्हणाल्या, तुझ्या कॅमेऱ्याच्या आवाजाने वाटतं कोणीतरी अक्रोड फोडत बसलंय.
पण संधी दिली आहे. महिनाअखेरीच्या नव्या नाटकाचे फोटो चांगले आले तर मंडळाचा कायमचा फोटोग्राफर मी. पोस्टर माझं, दौरे माझे. मालकांच्या स्टुडिओत दिवसभर पासपोर्ट फोटो काढणं बंद.

५ जून
लांब्याला विचारलं. शाळेपासूनचा मित्र. कुरिअर वाटतो, फोटोची नुसती हौस. म्हणाला, अरे येड्या, कॅमेरा कशाला बदलतोस, लेन्स बदल. तुझी लेन्स अंधारात डोळे किलकिले करून बघते. जास्त उजेड आत घेणारी एखादी वापरलेली लेन्स घे, काम फत्ते.
माणसाची प्रगती जवळच्यांनाच बघवत नाही.

९ जून
जाहिराती वाचतो आहे. एकाने 'कंडीशन' लिहिलं आहे. ज्याला वेलांटी सांभाळता येत नाही, त्याने कॅमेरा काय सांभाळला असेल? दुसऱ्याने 'उत्कृष्ठ'. बाद.
तिसरी जाहिरात निर्दोष. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. असा माणूस फसवणार नाही.

१२ जून
विकणारे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कॅमेरा दुपट्यात गुंडाळून ठेवलेला. तो उघडण्याआधी त्यांनी हात धुतले. मीही धुतले. म्हणाले, मी फक्त बागेतली फुलं काढतो, तीही भर दुपारी. अंधाराचं मला ठाऊक नाही बाळ, तू तपासून घे.
तपासला. त्यांच्या न्हाणीघरात दार लावून, मेणबत्तीच्या उजेडात नळाचा फोटो काढला. थेंबन्थेंब दिसला. शिवाय आवाज बंद करायची सोय. अक्रोड संपले. बाहेरून सरांच्या मिसेस दोनदा विचारून गेल्या, अहो, आत कोण आहे?
घेतला.

१३ जून
जुना कॅमेरा लेन्ससकट लांब्याच्या गळ्यात मारला. मित्राला असं फसवल्याचं जरा वाईट वाटलं. झोप मात्र छान लागली.

२० जून
लांब्या म्हणाला, नवा कॅमेरा एकदा तालमीला नेऊन बघ. आवाज बंद ठेवून काढलं, की रंगमंचावरच्या काही दिव्यांखाली फोटोत पट्टे येतात. आधी बघून घे बाबा.
बरं म्हटलं. जाणार नाही. प्रयोगाच्या दिवशी सगळे थक्क व्हायला हवेत. शिवाय मी शास्त्रशुद्ध तपासणी केली आहे. मेणबत्तीला पट्टे नव्हते.
आई म्हणाली, तो एवढं सांगतोय तर जा की. आई भोळी आहे.

२७ जून
उद्या प्रयोग. कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन अंधारात फार चमकतो, प्रेक्षकांना त्रास. त्यावर काळी चिकटपट्टी लावली. कडेला कड जुळवून. एवढा बारकाईने विचार कोणी करत नाही.

२८ जून
विजय! सबंध नाटकभर फोटो काढले, चकार आवाज नाही. शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, बंद पडलाय का रे? मी नुसता हसलो.
डोळ्याला लावून बघायच्या खिडकीत मधूनमधून रेघा सरकताना दिसत होत्या. चष्म्याचा नंबर वाढला असणार. डॉक्टरांना दाखवायला हवं.
लांब्या पहिल्या रांगेत. माझाच जुना कॅमेरा, त्याला कोणाची तरी वापरलेली लेन्स. स्टेजवर भांडण झालं किंवा टाळ्या पडल्या, की तेवढ्या गोंधळात फोटो काढायचा. एरवी हाताची घडी. कीव आली.

२९ जून, सकाळ
चिकटपट्टी काढली. कॉम्प्युटर लावला.
प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे.

२९ जून, दुपार
पुन्हा पाहिले. आहेत. नाटकातल्या वकिलाच्या तर नेमके डोळ्यांवर, चोरासारखे. नायिका गजाआड. एकही फोटो सुटलेला नाही.
सगळ्यांनी मिळून मला फसवलं. दिव्यांनी, कॅमेऱ्याने, सरांनी. मेणबत्तीनेसुद्धा.

१ जुलै
बाईंना दाखवले. पट्ट्यांमुळे पात्रांच्या मनाची घुसमट बाहेर येते, असं सुचवलं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, बाळा, हे विनोदी नाटक आहे.
पोस्टरला लांब्याचा फोटो घेतला. नायिका हसता हसता डोळे पुसते आहे, पापणीवरचं पाणीसुद्धा दिसतं. चांगला आहे. असणारच. कॅमेरा मूळचा माझा.
दौऱ्यावरही तोच जाणार. मला बाईंनी चहा दिला.

२ जुलै
सरांना फोन केला, कॅमेरा परत घ्या म्हणून. ते म्हणाले, आवाज चालू ठेवून काढ, पट्टे येणार नाहीत. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, वाचली नाहीस का?
वाचली होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. छपाईच्या चुका दुरुस्त करून ठेवल्या आहेत.

३ जुलै
सगळा डाव आज लक्षात आला. लांब्याने मला सगळं आधीच सांगितलं होतं. लेन्सचं, तालमीचं, पट्ट्यांचं. एक गोष्ट लपवली नाही. कारण शाळेपासून तो मला ओळखतो. मी ऐकणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती.
खरं सांगून फसवणं! इतका नीच प्रकार मी आजवर पाहिलेला नाही.
आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, जेवून घे.

६ जुलै
लांब्या स्टुडिओत आला. दौऱ्याच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मालक आतूनच ओरडले, घे रे त्याला!
एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. पण पासपोर्ट फोटो न बोलता काढता येत नाही. हनुवटी वर, म्हणावं लागलं. खांदे सरळ. तो सारखा हसत होता. मी म्हटलं, हसू नका.
मी त्याला 'अहो' केलं, हे त्याला लागलं असावं. हसायचा थांबला. मग हळूच म्हणाला, चिडलायस का रे? मी म्हटलं, इकडे बघा.
त्याने बघितलं.
फोटो उत्तम आला. उजेड भरपूर होता.